तळ्यातले मूल आणि दारचा शेजारी

१९७१ च्या नोव्हेंबर महिन्यात दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी उघड संबंध नव्हता. आपल्या टपाल खात्याने ‘शरणार्थी सहायता’ असे शब्द छापलेले ५ पैशांचे जादा तिकीट टपालावर लावणे सक्तीचे केले. आणि तिकडे ऑक्सफर्डमध्ये शिकवणाऱ्या पीटर सिंगर नावाच्या २५ वर्षांच्या ऑस्ट्रेलियन तरुणाने एक निबंध लिहायला घेतला. दोहोंच्या मुळाशी दुःख मात्र एकच होते. दारिद्र्य, चक्रीवादळ आणि यादवी यांनी होरपळलेली पूर्व बंगालची जनता लक्षावधींच्या संख्येने सरहद्द ओलांडून भारतात येत होती. निबंध लिहिताना सिंगर यांच्यापुढे ९० लक्ष निर्वासितांचा आकडा होता.

ते तिकीट आम्ही लहानपणी वडिलांच्या ट्रंकेतील जुन्या पाकिटांवर पाहिले. तो निबंध मात्र १९९० च्या दशकात, सेमिनरीत नीतिशास्त्राचा अभ्यास करताना, झेरॉक्स प्रतीच्या रूपाने आमच्या हाती आला. त्याचे नाव ‘फॅमिन, ॲफ्लुअन्स अँड मोरॅलिटी’, म्हणजे दुष्काळ, सुबत्ता आणि नीती. ‘फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स’ या त्रैमासिकात तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. जेमतेम पंधरा पानांचा हा मजकूर; पण पन्नासहून अधिक वर्षे जगभरच्या तत्त्वज्ञान विभागांत त्याच्यावर वाद चालू आहे, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो वाद वर्गाबाहेर पडून बाजारात व न्यायालयातही जाऊन पोहोचला आहे. म्हणूनच त्याचा नव्याने विचार करावासा वाटतो.

निबंधाचा युक्तिवाद कोणालाही समजेल इतका साधा आहे. समजा, तुम्ही एका उथळ तळ्याजवळून चालला आहात आणि त्यात एक लहान मूल बुडताना दिसते. पाण्यात उतरलात तर तुमचे कपडे चिखलाने खराब होतील, एवढेच नुकसान. तुम्ही उतराल की नाही? या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणारा माणूस विरळा. मग सिंगर यांनी या सहज होकारामागील तत्त्व बाहेर काढून दाखवले. एखादे मोठे अनिष्ट टाळणे आपल्या हाती असेल, आणि त्यासाठी नैतिक दृष्ट्या तितक्याच मोलाचे काही गमवावे लागणार नसेल, तर ते टाळणे हे आपले कर्तव्य ठरते. त्यांनी याचे एक सौम्य रूपही मांडले आहे: नैतिक दृष्ट्या काही मोलाचे असे गमवावे लागणार नसेल तरी पुरे. हे एकदा मान्य केले की पुढचे दार आपोआप उघडते. मूल दहा पावलांवर आहे की दहा हजार मैलांवर, याने त्याच्या मरणात काय फरक पडतो? तळ्याकाठी आणखी पन्नास माणसे नुसती उभी आहेत, म्हणून माझे कर्तव्य कमी होते काय?

यातून निघणारा निष्कर्ष सुखवस्तू माणसाची झोप उडवणारा आहे. आपण ज्याला दानधर्म म्हणतो, दिला तर पुण्य आणि न दिला तरी दोष नाही असे ज्याविषयी मानतो, ते सिंगर यांच्या मते देणे आहे; ते न देणे हे चुकणे आहे. त्यांनी दाखले दिले तेही बोचरे. ब्रिटनने निर्वासितांसाठी दिलेली रक्कम आणि काँकॉर्ड विमानावर होणारा खर्च त्यांनी शेजारी शेजारी मांडला. ऑस्ट्रेलियाची मदत सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या खर्चाच्या एक-द्वादशांशाहूनही कमी आहे, हे स्वतःच्या देशाला सुनावले.

आमच्या वाचकांना विशेष वाटावे असे एक स्थळ या निबंधात आहे. सिंगर हे ईश्वर न मानणारे. पण आपले म्हणणे अगदीच अभूतपूर्व नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी आधार घेतला तो संत थॉमस अक्वायनस यांचा. मनुष्याजवळ गरजेहून अधिक जे असेल त्यावर निसर्गनियमानुसार गरिबांचा हक्क आहे, ही संत थॉमस यांची शिकवण, आणि तिच्यामागे संत अँब्रोज यांचे नाव, ही त्या निबंधात आढळतात. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात संत अँब्रोज यांचाच आधार घेऊन हेच सांगितले होते. एका निरीश्वरवादी तरुणाने आमच्याच कोठारातले धान्य आमच्यापुढे आणून ठेवावे आणि ते आम्हाला परके वाटावे, यात दोष कोणाचा हे वेगळे सांगायला नको.

या निबंधावर विद्वानांनी घेतलेले आक्षेप अनेक आहेत. त्यांतील चार आम्हाला महत्त्वाचे वाटतात.

पहिला आक्षेप, हे तत्त्व माणसाकडून फार मागते. एक मूल बाहेर काढले की दुसरे दिसते, मग तिसरे. थांबायचे कुठे? लियाम मर्फी यांनी २००० सालच्या आपल्या ग्रंथात याला उत्तर दिले की, सर्वांनी आपापला वाटा उचलला असता तर माझ्याकडे जितका आला असता तितकेच माझे कर्तव्य. इतरांच्या चुकारपणाचा भार माझ्या माथी नको. उत्तर हिशेबी आहे. पण तळ्यात दोन मुले बुडत असताना एक काढून ‘माझा वाटा झाला’ म्हणणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू?

दुसरा आक्षेप बर्नार्ड विल्यम्स यांचा, १९७६ चा. तो रोखला होता निःपक्षपाती हिशेबावर उभारलेल्या साऱ्याच नीतीवर, आणि म्हणून सिंगर यांनाही लागू पडतो. दोन माणसे बुडत आहेत व त्यांतील एक आपली पत्नी आहे, असे पाहून जो नवरा आधी ‘अशा प्रसंगी पत्नीला वाचवणे नीतीला मान्य आहे काय’ असा विचार करतो, त्याने एक विचार गरजेपेक्षा जास्त केला, असे विल्यम्स यांचे म्हणणे. काही नाती अशी असतात की त्यांना हिशेबाच्या दारात परवानगीसाठी उभे करणे हाच त्यांचा अपमान होतो.

तिसरा आक्षेप सूझन वुल्फ यांचा. १९८२ सालच्या ‘मॉरल सेंट्स’ या निबंधात त्यांनी म्हटले की, ज्याची प्रत्येक कृती शक्य तितकी नीतिमान आहे असा माणूस होणे हे काही आयुष्याचे स्पृहणीय ध्येय नव्हे. त्याला संगीत, विनोद, पाककला यांसाठी सवडच उरणार नाही. त्यांनी रंगवलेला ‘संत’ आम्हाला कोणत्याही संतचरित्रात भेटलेला नाही. संत फिलिप नेरी यांच्या थट्टेखोरपणाच्या कथा सर्वश्रुत आहेत. तरी आक्षेपातील एक कण खरा आहे: अपराधीपणाच्या चाबकाखाली केलेले चांगले काम फार दिवस चांगले राहत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत ताजा, आणि आमच्या मते सर्वांत वजनदार. तो आला घरातूनच. लॅरी टेमकिन हे अनेक वर्षे सिंगर यांच्या बाजूचे; परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बीइंग गुड इन अ वर्ल्ड ऑफ नीड’ या ग्रंथात त्यांनी आपली शंका प्रांजळपणे मांडली. नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांच्या विचारांनी ते अस्वस्थ झाले होते. बाहेरून येणारा पैसा गरीब देशातील सरकारला स्वतःच्या प्रजेपुढे जबाब देण्यापासून मोकळे करतो काय? तिथली कर्तबगार माणसे परदेशी संस्थांच्या चाकरीत ओढली जातात काय? तळ्याच्या दृष्टांतात मूल आणि वाटसरू असे दोघेच आहेत. खऱ्या जगात त्या दोघांमध्ये सरकार, ठेकेदार, दलाल आणि कधी कधी बंदूकधारीही उभे असतात.

आता या निबंधाच्या वंशजांकडे वळू. २००९ मध्ये ऑक्सफर्डचे टोबी ऑर्ड यांनी मिळकतीचा दहावा हिस्सा परिणामकारक कार्याला देण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्यांची संस्था काढली. दशांश देणे आपल्याला बायबलमधून ठाऊक आहे. तो आता तत्त्वज्ञांच्या दारी नव्या नावाने आला. विल्यम मॅकॅस्किल त्यांचे सहकारी. या चळवळीला ‘इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम’, म्हणजे परिणामकारक परोपकार, असे नाव पडले. दान देण्यापूर्वी त्याने नेमके काय साधते याचा पुरावा मागणे, हा तिचा बाणा. २००७ पासून काम करणाऱ्या ‘गिव्हवेल’सारख्या संस्थांनी असे हिशेब मांडले की, मलेरियापासून रक्षण करणाऱ्या मच्छरदाण्यांवर सुमारे ५,००० डॉलर खर्च केल्यास एक जीव वाचतो. भावनेच्या भरात, फोटो पाहून दान करणाऱ्या आपल्यासारख्यांनी या शिस्तीपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

परंतु पुढे दोन वळणे आली. एक असे की, स्वतः सेवेला जाण्यापेक्षा भरपूर पैसा मिळवून तो दान करणे अधिक परिणामकारक, असा सल्ला हुशार तरुणांना दिला जाऊ लागला. दुसरे असे की, आज जिवंत असलेल्यांपेक्षा येत्या हजारो वर्षांत जन्मणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी, तेव्हा त्यांचे हित हिशेबात अधिक भरते, असा दीर्घकालवाद पुढे आला. मॅकॅस्किल यांचा ‘व्हॉट वी ओ द फ्यूचर’ हा ग्रंथ २०२२ मध्ये निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅम बँकमन-फ्रीड या तरुणाची एफटीएक्स ही आभासी चलनाची पेढी कोसळली. मिळवा आणि दान करा, हा सल्ला त्याला विद्यार्थिदशेत खुद्द मॅकॅस्किल यांनी दिला होता. ग्राहकांच्या अब्जावधी डॉलरांच्या अपहाराबद्दल २०२३ मध्ये तो दोषी ठरला आणि मार्च २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतरच्या महिन्यात या विचारांचे माहेरघर असलेली ऑक्सफर्डची ‘फ्यूचर ऑफ ह्युमॅनिटी इन्स्टिट्यूट’ ही संस्थाही विद्यापीठात बंद झाली.

एका शिष्याचा अपराध म्हणजे गुरूच्या युक्तिवादाचे खंडन नव्हे. तसे मानले तर बारा जणांतील एकाने तीस नाण्यांचा व्यवहार केला, म्हणून आपल्यालाही तोंड लपवावे लागेल. युक्तिवाद युक्तिवादानेच तपासला पाहिजे. आमच्यापुढे तसा प्रसंग पुस्तकातून न येता माणसाच्या रूपाने आला.

आमच्या धर्मग्रामातील एक अभियंता, नोकरीनिमित्त पुण्याला असणारा, सुट्टीत भेटायला आला. त्याने सिंगर वाचले होते. त्याची आई लवकर वारली. मावशीने त्याला वाढवले. ती मावशी आता अंथरुणाला खिळली आहे आणि तिला माणसांची ओळखही उरलेली नाही. तिच्याजवळ ठेवलेल्या बाईला तो महिना १८,००० रुपये देतो. कागदावर मांडलेला हिशेब त्याने आम्हाला दाखवला. “फादर, दोन वर्षांत हे सव्वाचार लाखांवर जातात. तेवढ्यात कुठेतरी एका मुलाचा जीव वाचेल. मावशीला तर मी कोण तेही कळत नाही. मी चूक करतोय का?” त्याच्या प्रश्नात कंजूषपणा नव्हता. तो खरोखरच तळ्याकाठी उभा होता.

आम्ही तो निबंध पुन्हा काढून वाचला, आणि सारा भार एकाच शब्दप्रयोगावर उभा आहे हे लक्षात आले: नैतिक दृष्ट्या तितक्याच मोलाचे काही न गमावता. ‘तितक्याच मोलाचे’ म्हणजे काय, हे ठरवण्याचे माप निबंधात दिलेले नाही. ते वाचकावर सोपवले आहे. सिंगर स्वतः उपयुक्ततावादी. ते माप म्हणून सुखदुःखाची बेरीज धरतात, आणि चळवळीने पुढे वाचलेल्या जिवांची संख्या धरली. पण हे माप त्या तत्त्वासोबत आपोआप येत नाही. कृतज्ञता, दिलेला शब्द, आईच्या जागी उभ्या राहिलेल्या बाईचा हात हातात धरणे, ही तितक्याच मोलाची आहेत असे म्हणणारा माणूस सिंगर यांचे तत्त्व मोडत नाही. त्यांचे माप नाकारतो. तळ्याच्या दृष्टांतात चिखलाने भरलेले कपडे पणाला लागले होते. मावशी म्हणजे कपडे नव्हे.

केवळ बेरजेचे माप हाती घेतले की माणूस कुठे पोहोचतो, हे सिंगर यांच्याच लेखनात दिसते. १९७९ च्या ‘प्रॅक्टिकल एथिक्स’ या ग्रंथात गंभीर व्यंग घेऊन जन्मलेल्या अर्भकांचे जीवन संपवणे काही वेळा समर्थनीय ठरते, असे त्यांनी प्रतिपादले. ख्रिस्तसभेला हे मान्य होणे शक्य नाही. अपंगांच्या संघटनांनीही त्याचा जाहीर निषेध केला. मात्र एक गोष्ट त्यांच्यावर अन्याय न करता नोंदवली पाहिजे. त्यांच्या आईला अल्झायमरचा आजार झाला, तेव्हा त्यांनी व त्यांच्या बहिणीने तिच्या शुश्रूषेसाठी बराच खर्च केला. याविषयी १९९९ मध्ये एका पत्रकाराने छेडले असता, स्वतःच्या आईच्या बाबतीत हे प्रश्न आपल्याला वाटले होते त्याहून अवघड आहेत, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. टीकाकार याला विसंगती म्हणतात. आम्हाला वाटते, तेथे ग्रंथकारापेक्षा मुलगा अधिक खरे बोलला.

पण याच्या उलट टोकालाही एक खड्डा आहे, आणि आपण धार्मिक माणसे त्यातच अधिक पडतो. ‘आधी आपले, मग उरले तर परक्याचे.’ २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी स्थलांतरितांविषयीच्या वादात ‘ओर्दो आमोरिस’, म्हणजे प्रेमाचा क्रम, या जुन्या संकल्पनेचा दाखला अशाच अर्थाने दिला. संकल्पना खरी आहे. संत ऑगस्टीन म्हणतात की सर्वांना मदत करणे शक्य नसल्याने स्थळ, काळ व प्रसंग यांनी जे आपल्या निकट आणले गेले त्यांची विशेष काळजी घ्यावी. जणू ती चिठ्ठी आपल्या नावाने निघाली. संत थॉमस यांनीही प्रेमाच्या क्रमाची सविस्तर चर्चा केली आहे. पण त्यांनी हेही सांगून ठेवले आहे की, परक्याची निकड अत्यंत असेल तर ती जवळच्याच्या किरकोळ गरजेआधी येते. क्रम म्हणजे कुंपण नव्हे. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या महागुरुस्वामींना पाठवलेल्या पत्रात, प्रेमाचा खरा क्रम दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याचे चिंतन केल्याने सापडतो, असा निर्वाळा दिला. एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस निवर्तले. ते पत्र त्यांच्या अखेरच्या महत्त्वाच्या लेखनापैकी ठरले.

तो दाखला या वादाच्या उजेडात वाचला तर त्यातील व्यवहार डोळ्यांत भरतो. शोमरोनी थांबतो, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, परक्याला स्वतःच्या जनावरावर बसवतो. इथे पैसा नाही, स्वतःचे हात आहेत. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो. इथे पैसा आहे आणि शुश्रूषा दुसऱ्याकडे सोपवलेली आहे. मग तो आपल्या वाटेने जातो. त्याचेही काही काम असेल, कदाचित घरी मुले असतील. त्याने सारे आयुष्य त्या रस्त्यावर गस्त घालण्यात घालवल्याचे लिहिलेले नाही. पण परत येईन आणि जास्त लागले तर भरीन, असा शब्द देऊन तो जातो. पन्नास वर्षांच्या वादातील तिढे, हातांची सेवा की पैशांची, मर्यादा किती, जबाबदारी कोणापुढे, त्या छोट्या कथेत न सुटता का होईना, पण एकत्र नांदतात. एकच गोष्ट तिच्यात नाही: रस्त्याची सुरक्षा. त्या वाटेवर लुटारू का आहेत, हा प्रश्न सिंगर यांच्या निबंधातही मागे पडतो. ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या २०२० च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी तो विचारला आहे. नदीकाठच्या वृद्धाला हात देणे हे जसे प्रेम, तसे त्या नदीवर पूल बांधणे हेही प्रेमच, असा त्यांचा आशय.

त्या तरुणाला आम्ही विचारले, “या कागदावर मावशी आहे आणि मच्छरदाणी आहे. तुझा मोबाइल, गाडीचा हप्ता, महिन्याच्या सहली कुठे आहेत?” तो गप्प राहिला, मग हसला. सिंगर यांचा प्रश्न त्याने चुकीच्या रकान्यात मांडला होता. निबंध जे सोडायला सांगतो ते सोडवत नाही, म्हणून जे सोडायचे नाही ते तराजूत टाकण्याचा मोह होतो. मावशीची बाई चालू आहे. मच्छरदाण्यांचे काय केले ते त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

परंतु तो निघून गेल्यावर आम्हालाही आमचा कागद काढावा लागला. आमच्या देवळाच्या सणाची रोषणाई, कमान, बँडबाजा आणि फटाके यांचा खर्च, आणि त्याच वर्षी संत विन्सेंट डी पॉल मंडळाने गरजूंना वाटलेली रक्कम, हे दोन आकडे आम्ही शेजारी शेजारी लिहिले. ऑपेरा हाउसचा दाखला देणाऱ्याला हसण्याचा आम्हाला अधिकार राहिला नाही. सणाचा आनंद हाही गरिबाचा हक्क आहे, हे आम्ही जाणतो. देवळाच्या रोषणाईखाली झोपडीतले मूलही नाचते. तरीही दुसरा आकडा पहिल्याच्या इतका खाली का असावा, याचे उत्तर आम्हाला सापडले नाही. पॅरिश कौन्सिलच्या येत्या सभेत आम्ही ते दोन्ही आकडे ठेवणार आहोत.

सिंगर यांचे माप आम्ही स्वीकारत नाही. त्यांचा प्रश्न मात्र आम्हाला टाळता येत नाही. १९७१ साली आपल्या आईवडिलांनी पाकिटावर ५ पैशांचे तिकीट लावले, तेव्हा ते कोणा परक्याच्या मुलासाठी आहे हे त्यांना ठाऊक होते. ती सक्ती सरकारची होती. आपली सक्ती आपणच ठरवायची आहे.